चेहरा, आवाज आणि मान : कॅनडातील पडद्यावरच्या व आवाजाच्या कलावंतांचे पुरस्कार

कॅनडातील अभिनय-पुरस्कारांचा विचार करताना एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते, ती अशी की, या देशातील कलावंत जगाला पुष्कळदा त्याच्या देशाच्या नावाने ओळखीचा नसतो. भाषा आणि उच्चार या दोन्ही बाबतींत शेजारच्या अमेरिकेत सहज मिसळून जाणारा इंग्रजीभाषक नट सीमा ओलांडून गेला की ‘हॉलिवूडचा’ होतो, आणि तो मुळात ओंटारिओतल्या एखाद्या लहान गावचा किंवा व्हँकुव्हरच्या उपनगरातला होता ही माहिती चरित्रकोशाच्या पहिल्या ओळीपुरती उरते. जिम कॅरी हे नाव जाणणाऱ्या मराठी वाचकांपैकी किती जणांना तो ओंटारिओतल्या न्यूमार्केट गावी जन्मला हे माहीत असेल, असा प्रश्न विचारला तर मुद्दा लगेच स्पष्ट होईल. अशा देशात पुरस्काराला गुणवत्तेच्या शिक्क्याखेरीज आणखी एक काम करावे लागते : हा कलावंत आपला आहे, हे काम आपल्या मातीत झाले आहे, याची नोंद ठेवण्याचे. कॅनडातील पुरस्कारांचा सारा इतिहास हा या नोंदवहीचा इतिहास आहे, आणि प्रस्तुत ग्रंथ त्याच दृष्टीने वाचला जावा अशी अपेक्षा आहे.

विषयाची कक्षा प्रथम आखून घेणे इष्ट ठरेल. ‘पडद्यावरचे कलावंत’ या शब्दप्रयोगात चित्रपट, दूरचित्रवाणी आणि आता इंटरनेटवरून प्रसारित होणाऱ्या मालिका यांत अभिनय करणारे सर्व जण येतात. ‘आवाजाचे कलावंत’ हा वर्ग मात्र थोडा समजावून सांगावा लागतो. नभोवाणीवरच्या श्रुतिकांतून काम करणारे नट, माहितीपटाला निवेदन देणारे निवेदक, अ‍ॅनिमेशनपटातील पात्रांना आवाज देणारे, परभाषेतील चित्रपटाचे डबिंग करणारे, जाहिरातींना व्हॉइसओव्हर देणारे आणि अलीकडे व्हिडिओ गेममधील पात्रे बोलकी करणारे, असे अनेक प्रकारचे कलावंत या वर्गात मोडतात. त्यांच्यातले साम्य एवढेच की प्रेक्षकाला त्यांचा चेहरा दिसत नाही. त्याचप्रमाणे ‘पुरस्कार’ आणि ‘सन्मान’ या दोन शब्दांतही येथे फरक केला आहे. एखाद्या वर्षातील एखाद्या विशिष्ट कामासाठी, नामांकनांतून निवड होऊन मिळतो तो पुरस्कार. तर एकंदर कारकिर्दीची दखल घेऊन, कोणाशीही स्पर्धा न होता दिला जातो तो सन्मान. कॅनडात या दोहोंची वाढ वेगवेगळ्या मुळांतून झाली.

या इतिहासाची पार्श्वभूमी एका लक्षणीय योगायोगाने उजळून निघते. हॉलिवूडच्या अकादमी पुरस्कारांच्या आरंभीच्या काळात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान लागोपाठ तीन वेळा कॅनडात जन्मलेल्या स्त्रियांना मिळाला : टोरोंटोच्या मेरी पिकफर्ड, मॉन्ट्रियलच्या नॉर्मा शीअरर आणि ओंटारिओतील कोबर्ग गावच्या मारी ड्रेसलर. तिघींच्या यशाचा देशात अभिमान वाटला, परंतु त्यांना मान देण्याजोगी एकही संस्था त्या वेळी कॅनडापाशी नव्हती, आणि कलावंतांना घरी ठेवून घेईल असा कथापटांचा भक्कम व्यवसायही नव्हता. गुण येथे जन्मावा आणि त्याचे मोल तेथे ठरावे, ही स्थिती पुढे कित्येक दशके टिकली, आणि कॅनेडियन पुरस्कारांची जवळजवळ प्रत्येक परंपरा या स्थितीला दिलेले उत्तर म्हणून उभी राहिली.

पहिले उत्तर आले ते पडद्यावरून नव्हे, नभोवाणीवरून. 1936 साली कॅनेडियन ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन, म्हणजे सीबीसी, ही सार्वजनिक प्रसारणसंस्था स्थापन झाली, आणि देशाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत पसरलेल्या श्रोत्यांना एकाच वेळी एकच श्रुतिका ऐकू येण्याची सोय झाली. 1944 मध्ये अँड्र्यू अ‍ॅलन यांनी सुरू केलेल्या ‘स्टेज’ या श्रुतिकामालेने नटांना नियमित काम आणि लेखकांना श्रोते मिळवून दिले. व्यावसायिक रंगभूमी तुटपुंजी आणि कथापट जवळजवळ नाहीत, अशा त्या काळात इंग्रजीभाषक कॅनडाचे राष्ट्रीय नाट्यगृह म्हणजे नभोवाणीच होती, असे म्हणण्यास हरकत नाही. याच काळात, 1943 मध्ये, टोरोंटोतील नभोवाणी कलावंतांनी आपल्या मानधनासाठी आणि कामाच्या अटींसाठी संघटना उभारली. तिच्याच विस्तारातून पुढे ‘अलायन्स ऑफ कॅनेडियन सिनेमा, टेलिव्हिजन अँड रेडिओ आर्टिस्ट्स’, म्हणजे आज ‘अ‍ॅक्ट्रा’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी कलावंतांची संघटना घडली. फ्रेंचभाषक कलावंतांची ‘युनियन देझार्तिस्त’ ही संघटना त्याआधीच, 1937 पासून, मॉन्ट्रियलमध्ये काम करत होती. पुरस्कारांच्या इतिहासात या संघटनांचे स्थान पायाचे आहे, कारण कॅनडात कलावंताच्या मानाचा प्रश्न त्याच्या मानधनाच्या प्रश्नाला जोडूनच जन्मला.

त्या नभोवाणीयुगाचे प्रतिनिधी म्हणून जॉन ड्रेनी यांच्याकडे पाहता येते. 1916 मध्ये व्हँकुव्हर येथे जन्मलेल्या या नटाची ख्याती जवळजवळ सर्वस्वी त्याच्या आवाजावर उभी होती. डब्ल्यू. ओ. मिचेल यांच्या ‘जेक अँड द किड’ या मालिकेतील शेतगडी जेक त्यांनी वर्षानुवर्षे श्रोत्यांच्या घरात आणून बसवला. 1954 साली सीबीसीने प्रसारित केलेल्या, रूबेन शिप यांनी लिहिलेल्या ‘द इन्व्हेस्टिगेटर’ या श्रुतिकेत त्यांनी अमेरिकन सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्या बोलण्याची ढब इतकी हुबेहूब उभी केली की, त्या पात्राला नाव नसतानाही कोणाबद्दल बोलले जात आहे याविषयी श्रोत्याला शंका उरली नाही. स्वर्गाच्या दारातसुद्धा चौकशी समिती बसवणाऱ्या त्या पात्राची ध्वनिमुद्रिका चोरट्या प्रतींच्या रूपाने अमेरिकेत हातोहात फिरली. चेहरा न दिसणारा एक आवाज सीमा ओलांडून राजकारणात खळबळ उडवू शकतो, याचे हे ढळढळीत उदाहरण होय. ड्रेनी 1966 मध्ये निवर्तले, आणि 1968 पासून त्यांच्या नावाने प्रसारणक्षेत्रातील विशेष योगदानासाठी पुरस्कार दिला जाऊ लागला. कॅनडातील प्रसारणक्षेत्राच्या जुन्या सन्मानांपैकी हा एक एका आवाजाच्या नटाच्या नावे असावा, ही गोष्ट या ग्रंथाच्या दृष्टीने फार अर्थपूर्ण आहे.

चित्रपटाच्या बाजूने पुरस्कारांचा आरंभ 1949 मध्ये ओटावा येथे झाला. त्या वर्षी प्रथम दिल्या गेलेल्या ‘कॅनेडियन फिल्म अवॉर्ड्‌स’चा भर माहितीपट आणि लघुपट यांवर होता, आणि ते स्वाभाविक होते, 1939 मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल फिल्म बोर्ड या सरकारी संस्थेमुळे माहितीपट हाच कॅनडाच्या चित्रपटाचा मुख्य प्रवाह बनला होता. कथापटच विरळ, तर अभिनयाचा पुरस्कार द्यायचा कोणाला? परिणामी अभिनयाच्या पुरस्कारांना 1968 साल उजाडावे लागले. त्या वर्षी ‘इझाबेल’ या चित्रपटातील कामासाठी झनव्हिएव्ह बुझो आणि जेरार्ड पार्क्स यांची निवड झाली. रुमानियात जन्मून टोरोंटोत स्थायिक झालेले शिल्पकार सोरेल एट्रॉग यांनी घडवलेले नवे मानचिन्हही त्याच वर्षीचे, आणि त्यानंतर हे पुरस्कार बोलीभाषेत ‘एट्रॉग’ याच नावाने ओळखले जाऊ लागले. आदल्याच वर्षी, 1967 मध्ये, कथापटांना अर्थसाहाय्य देण्यासाठी सरकारी महामंडळ स्थापन झाले होते. निर्मितीला आधार आणि अभिनयाला मान या दोन गोष्टी एकमेकींच्या पाठोपाठ आल्या, हा क्रम विसरता कामा नये.

एट्रॉगच्या काळातील दोन प्रसंग त्या परंपरेचे बळ आणि तिच्या मर्यादा दोन्ही दाखवतात. 1970 मध्ये ‘गोइन डाउन द रोड’ या चित्रपटातील डग मॅग्रा आणि पॉल ब्रॅडली या दोघांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार विभागून दिला गेला. अटलांटिक किनाऱ्यावरील प्रांतातून नशीब काढायला टोरोंटोत आलेल्या दोन कफल्लक मित्रांची ही कथा. एकाचा अभिनय दुसऱ्यापासून वेगळा काढता येऊ नये इतका एकजीव, आणि परीक्षकांनी तो तसाच मोजला. अत्यल्प खर्चात, टोरोंटोच्या खऱ्या रस्त्यांवर चित्रित झालेल्या या चित्रपटाला मिळालेला मान म्हणजे आपल्या गरिबीची आणि आपल्या स्थलांतराची कहाणीही पडद्यावर पाहण्याजोगी आहे, अशी देशाने दिलेली कबुली होती. दुसरा प्रसंग 1973 चा. त्या वर्षी मॉन्ट्रियल येथे होऊ घातलेल्या समारंभावर क्वेबेकमधील चित्रपट दिग्दर्शकांनी बहिष्कार टाकला, समारंभ रद्द झाला, विजेत्यांची नावे पत्रकार परिषदेत जाहीर करावी लागली, आणि पुढल्या वर्षी पुरस्कार दिलेच गेले नाहीत. त्या बहिष्काराच्या वर्षीसुद्धा सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरल्या त्या ‘कामुरास्का’ या फ्रेंच चित्रपटातील बुझो. एकाच व्यासपीठावर दोन भाषांच्या, दोन चित्रपटसंस्कृतींच्या कामाची तुलना कोणत्या मापाने करायची, हा तेव्हा उभा राहिलेला प्रश्न आजही सुटलेला नाही.

दरम्यान अ‍ॅक्ट्राने 1972 पासून स्वतःचे पुरस्कार सुरू केले. मानचिन्हाच्या टोपणनावावरून ते ‘नेली’ म्हणून ओळखले गेले. त्यांचे वैशिष्ट्य असे की, दूरचित्रवाणी आणि नभोवाणी ही दोन्ही माध्यमे त्यांनी एकाच छपराखाली आणली, आणि लेखकही तेव्हा याच संघटनेत असल्यामुळे संहिता आणि अभिनय यांचा मान एकाच सोहळ्यात होत असे. टोरोंटोत शेक्सपिअरच्या नाटकांचा उत्सव चालवणारे नट अर्ल ग्रे यांच्या नावाचा पुरस्कार दूरचित्रवाणीवरील अभिनयासाठी याच परंपरेत सुरू झाला आणि पुढे जीवनगौरवाच्या रूपाने टिकून राहिला. कामकऱ्यांनी आपल्यातल्याच कामकऱ्यांना दिलेली दाद, असे नेली पुरस्कारांचे थोडक्यात वर्णन करता येईल.

1979 मध्ये कॅनेडियन चित्रपट अकादमीची स्थापना झाली आणि पुरस्कारांच्या कारभाराला नवे वळण लागले. एट्रॉगच्या काळात निवड परीक्षक मंडळाकडे असे. अकादमीने ती व्यवसायातील सदस्यांच्या मतदानाकडे सोपवली. 1980 मध्ये पहिले ‘जिनी’ पुरस्कार दिले गेले, मानचिन्ह मात्र एट्रॉग यांचेच राहिले. 1986 मध्ये अकादमीने दूरचित्रवाणीसाठी ‘जेमिनी’ पुरस्कार सुरू केले आणि नेलींची परंपरा त्यांत विलीन झाली. 1987 पासून फ्रेंच दूरचित्रवाणीसाठी ‘झेमो’ पुरस्कार दिले जाऊ लागले. जेमिनी आणि झेमो ही एकाच मिथुन राशीची इंग्रजी आणि फ्रेंच नावे आहेत, आणि दोन भाषांच्या देशाने आपल्या दूरचित्रवाणीसाठी जुळ्या भावंडांचे नाव निवडावे यात औचित्य होते. परंतु या स्थित्यंतरात एक गोष्ट निसटली. जेमिनी हे फक्त दूरचित्रवाणीचे पुरस्कार असल्यामुळे नभोवाणीवरच्या अभिनयाला राष्ट्रीय सोहळ्यात उरलेली जागा गेली. ज्या माध्यमातून कलावंतांची संघटना आणि पुरस्कारांची कल्पना जन्मली, तेच माध्यम सोहळ्याबाहेर राहिले.

जिनी पुरस्कारांच्या काळात ‘कॅनेडियन कोण?’ हा प्रश्न वारंवार पुढे आला. आरंभीची काही वर्षे परदेशी कलावंतांसाठी स्वतंत्र विभाग होता. पुढे तो बंद झाला आणि चित्रपट कॅनेडियन असेल तर त्यातील कलावंत कोणत्याही देशाचा असला तरी चालेल, असे धोरण रुळले. यामुळेच ‘अवे फ्रॉम हर’ या चित्रपटासाठी न्यूफाउंडलंडचे गॉर्डन पिन्सेंट यांच्याबरोबर इंग्लंडच्या ज्यूली ख्रिस्ती यांनाही जिनी मिळू शकला. भारतीय वाचकाला अधिक जवळचे उदाहरण सीमा बिस्वास यांचे. दीपा मेहता यांच्या ‘वॉटर’ या हिंदी चित्रपटातील विधवेच्या भूमिकेसाठी त्यांना 2006 मध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा जिनी मिळाला, आणि 2013 मध्ये ‘मिडनाइट्स चिल्ड्रन’साठी त्यांची साहाय्यक भूमिकेच्या पुरस्काराकरिता निवड झाली. आसामात वाढलेली, दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेली अभिनेत्री, हिंदी संवाद, श्रीलंकेतील चित्रीकरण आणि पुरस्कार मात्र कॅनडाचा, या साखळीकडे पाहिले म्हणजे त्या देशाने ‘आपले’ या शब्दाचा अर्थ किती विस्तारला आहे याची कल्पना येते.

2012 मध्ये जिनी आणि जेमिनी यांचे एकत्रीकरण जाहीर झाले आणि 2013 पासून ‘कॅनेडियन स्क्रीन अवॉर्ड्‌स’ दिले जाऊ लागले. चित्रपट, दूरचित्रवाणी आणि डिजिटल माध्यम यांतील सीमारेषा पुसट होत असल्याची ही दखल होती. ‘ऑर्फन ब्लॅक’ या मालिकेत एकमेकींच्या प्रतिकृती असलेल्या अनेक स्त्रियांच्या भूमिका एकटीने, प्रत्येकीची चाल, बोलणे आणि नजर वेगळी ठेवून साकारणाऱ्या तातियाना मास्लानी यांचा गौरव या पुरस्कारांनी केला आणि नंतर, 2016 मध्ये, अमेरिकेच्या एमी पुरस्काराने त्यावर मोहोर उमटवली. घरचा मान येथे आधी आला आणि बाहेरचा नंतर. 2023 च्या सोहळ्यापासून अभिनेता आणि अभिनेत्री हे स्वतंत्र विभाग रद्द करून मुख्य भूमिका आणि साहाय्यक भूमिका असे लिंगनिरपेक्ष विभाग केले गेले आणि नामांकनांची संख्या वाढवण्यात आली. या बदलाचे स्वागत झाले तशी स्त्रियांच्या वाट्याचे पुरस्कार कमी होतील ही शंकाही व्यक्त झाली. दोन्ही बाजूंचे म्हणणे गंभीरपणे ऐकण्यासारखे आहे.

क्वेबेकची वाटचाल समांतर असली तरी स्वतंत्र आहे. तेथील चित्रपटांना स्वतःचा प्रेक्षक आहे, स्वतःचे तारे आहेत, आणि त्यांना हॉलिवूडच्या सावलीची बाधा इंग्रजीभाषक प्रांतांइतकी कधी झाली नाही. 1999 मध्ये तेथे क्वेबेकच्या चित्रपटांसाठी दिग्दर्शक क्लोद झुत्रा यांच्या नावाने पुरस्कार सुरू झाले. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका चरित्रातून मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप पुढे आले, तेव्हा अल्पावधीतच त्यांचे नाव काढून टाकण्यात आले आणि आज हे पुरस्कार ‘इरिस’ या नावाने दिले जातात. व्यक्तीच्या नावाने दिलेला मान त्या व्यक्तीच्या चारित्र्याशी कायमचा बांधला जातो, हा धडा यातून साऱ्या देशाने घेतला. याशिवाय दूरचित्रवाणीवरील लोकप्रिय कलावंतांची निवड प्रेक्षकांच्या मतांवर करणारा ‘आर्तिस’ हा सोहळाही क्वेबेकचाच. जाणकारांचा कौल आणि लोकांचा कौल यांना तेथे दोन वेगळी व्यासपीठे मिळाली आहेत.

राज्यसंस्थेकडून मिळणारे सन्मान हा तिसरा प्रवाह. 1967 मध्ये, महासंघाच्या शताब्दीच्या वर्षी, ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’ हा राष्ट्रीय सन्मान सुरू झाला. आज त्याच्या कम्पॅनियन, ऑफिसर आणि मेंबर अशा उतरत्या क्रमाच्या तीन श्रेणी आहेत. क्रिस्टोफर प्लमर यांना त्यातील सर्वोच्च श्रेणी 1968 मध्ये मिळाली, म्हणजे ज्या वर्षी देशात चित्रपट-अभिनयाचा पहिला पुरस्कार दिला गेला त्याच वर्षी. 1980 च्या पहिल्या जिनी सोहळ्यात सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरले तेही प्लमरच, आणि ऑस्कर त्यांच्या हाती आला तो 2012 मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी. व्हँकुव्हरजवळच्या त्स्लेल-वॉटुथ समाजाचे प्रमुख आणि नट डॅन जॉर्ज यांना 1971 मध्ये ऑर्डरची ऑफिसर श्रेणी मिळाली, तर डोनाल्ड सदरलंड यांना 1978 मध्ये ऑफिसर आणि 2019 मध्ये कम्पॅनियन ही श्रेणी दिली गेली. 1992 मध्ये गव्हर्नर जनरल रे हॅनटिशिन यांच्या पुढाकाराने प्रयोगजीवी कलांसाठी गव्हर्नर जनरलचे जीवनगौरव पुरस्कार सुरू झाले, आणि सदरलंड, प्लमर, पिन्सेंट, विल्यम शॅटनर, कॅथरीन ओ’हारा यांच्यासारख्यांची नावे त्या यादीत आली. टोरोंटोच्या रंगभूमी परिसरातील पदपथावर 1998 पासून नामवंतांच्या नावांचे दगडी तारे बसवणारा ‘कॅनडाज वॉक ऑफ फेम’ हा उपक्रम या प्रवाहाला समांतर असला तरी त्याची प्रेरणा लोकप्रसिद्धीची आहे.

अशा रीतीने या क्षेत्रात चार परंपरा स्पष्ट दिसतात : संघटनेने आपल्या सदस्यांना दिलेला मान, अकादमीने मतदानाने दिलेला पुरस्कार, राज्यसंस्थेने दिलेली पदवी, आणि लोकांनी किंवा लोकांच्या नावाने दिलेली प्रसिद्धी. पहिलीला कसब दिसते, दुसरीला वर्षातील उत्कृष्ट काम, तिसरीला आयुष्य आणि चौथीला लौकिक. एकाच कलावंताला चारही मिळू शकतात, आणि गुणी कलावंत चारहींतून सुटूही शकतो. या चारांपैकी एकीला खरी आणि उरलेल्यांना खोटी ठरवण्याचा मोह टाळला पाहिजे. प्रत्येकीचा कान आणि डोळा कशासाठी तयार झाला आहे, हे पाहणे अधिक फलदायी आहे.

तरीही या चारही परंपरांना एक उणीव समान आहे, आणि ती आवाजाच्या कलावंतांविषयीची आहे. कॅनडा हा आवाजाच्या कामाचा मोठा देश आहे. 1964 साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर दाखवल्या गेलेल्या, आणि आजही नाताळात आवर्जून पाहिल्या जाणाऱ्या, रुडॉल्फ या लाल नाकाच्या रेनडिअरच्या बाहुलीपटातील आवाज टोरोंटोत मुद्रित झाले होते. रुडॉल्फचा कोवळा, नाकातून येणारा आवाज बिली मे रिचर्ड्‌स या चाळिशीतल्या अभिनेत्रीचा. पण श्रेयनामावलीत तिचे नाव असे छापले गेले की ते पुरुषाचे वाटावे. त्याच पटात दंतवैद्य होऊ पाहणाऱ्या बुटक्या कारागिराला आवाज देणारे पॉल सोल्स 1967 च्या अ‍ॅनिमेशन मालिकेत स्पायडरमॅन झाले. 1968 च्या ‘2001 : अ स्पेस ओडिसी’ मधील हॅल या संगणकाचा शांत, सौम्य आणि म्हणूनच अंगावर काटा आणणारा आवाज विनिपेगच्या डग्लस रेन यांचा. स्टॅनली क्युब्रिक यांनी त्यांना आधी निवेदनासाठी घेतले होते. निवेदन गळाले, आणि चित्रीकरण आटोपल्यावर रेन यांनी सहकलावंतांवाचून, एकट्याने बसून हॅलचे संवाद म्हटले. जगातील सर्वांत प्रसिद्ध आवाजांपैकी एक असा हा आवाज, पण स्ट्रॅटफर्डच्या शेक्सपिअर महोत्सवात पहिल्या वर्षापासून काम करणारा त्याचा धनी रस्त्यात ओळखू येत नसे.

आवाजाच्या अभिनयाचे मूल्यमापन अवघड का, हे त्याच्या कार्यपद्धतीवरून समजते. मूळ अ‍ॅनिमेशनपटात बहुधा आवाज आधी मुद्रित होतो आणि चित्रकार त्या आवाजावरून पात्राचे ओठ, भुवया आणि श्वास रेखाटतात. म्हणजे पात्राचा चेहरा आवाजाच्या मागून येतो. डबिंगमध्ये याच्या उलट घडते : चेहरा आधीच ठरलेला असतो, आणि कलावंताला परक्या ओठांच्या हालचालीत आपल्या भाषेचे शब्द बसवावे लागतात. दोन्ही प्रकारांत नटापाशी वेशभूषा नाही, प्रकाशयोजना नाही, बहुतेकदा समोर सहकलावंतही नाही. एक मायक्रोफोन, संहितेचा कागद आणि काचेपलीकडचा दिग्दर्शक एवढेच. जपानी अ‍ॅनिमेशनच्या इंग्रजी आवृत्त्या व्हँकुव्हर आणि टोरोंटो येथे, तर हॉलिवूडच्या चित्रपटांच्या फ्रेंच आवृत्त्या मॉन्ट्रियल येथे तयार करणाऱ्या कलावंतांची पिढीच्या पिढी अशा बंद खोल्यांत घडली. तयार पात्रापैकी आवाजाचा वाटा किती आणि चित्राचा किती, हे वेगळे काढता येत नाही म्हणून परीक्षक बिचकतात. अ‍ॅक्ट्राच्या टोरोंटो शाखेने 2003 पासून सुरू केलेल्या पुरस्कारांत आवाजासाठी स्वतंत्र विभाग ठेवला गेला, हे म्हणूनच महत्त्वाचे पाऊल ठरते. ज्या संघटनेचा जन्म नभोवाणीच्या खोलीत झाला, तिनेच आवाजाची आठवण ठेवली.

या विषयाचे महत्त्व आज वाढले आहे, त्याची कारणे उघड आहेत. पहिले कारण कृत्रिम बुद्धिमत्तेचे. कलावंताच्या आवाजाचा नमुना घेऊन त्याने कधीही न उच्चारलेली वाक्ये त्याच्याच आवाजात तयार करणे आता शक्य झाले आहे, आणि म्हणून संमती, मोबदला आणि नियंत्रण या तीन गोष्टी कलावंतांच्या संघटनांच्या मागण्यांच्या अग्रभागी आल्या आहेत. हॅलला माणसाचा आवाज उसना घ्यावा लागला होता; आज यंत्राला तो परस्पर घेता येतो. अशा वेळी हा आवाज एका विशिष्ट माणसाचा आहे, त्यामागे त्याची साधना आहे, हे जाहीरपणे सांगणारा पुरस्कार मालकीहक्काच्या पुराव्याइतकाच मोलाचा ठरतो. दुसरे कारण जागतिक प्रसारणाचे. ‘शिट्स क्रीक’ या कॅनेडियन मालिकेने 2020 च्या एमी सोहळ्यात विनोदी विभागातील अभिनयाचे चारही प्रमुख पुरस्कार मिळवले, तेव्हा देशी पुरस्कारांची आता गरज काय, असा प्रश्न सहज सुचण्याजोगा होता. याचे उत्तर असे की, परक्या व्यासपीठावर फार थोड्यांनाच पोहोचता येते, आणि तेथे पोहोचण्याची तयारी घरच्या व्यासपीठावरच होते.

तिसरे कारण देशाच्या बदलत्या चेहऱ्याचे. टोरोंटोतील कोरियन कुटुंबाच्या दुकानाभोवती गुंफलेल्या ‘किम्स कन्व्हिनियन्स’साठी पॉल सन-ह्युंग ली यांना मिळालेला स्क्रीन अवॉर्ड, ‘डबल हॅपिनेस’साठी त्याआधी दोन दशकांहून अधिक काळ सँड्रा ओ यांना मिळालेला जिनी, आणि सिक्स नेशन्सच्या मूलनिवासी समाजातून आलेले ग्रॅहम ग्रीन यांना 2025 मध्ये, मृत्यूच्या वर्षीच, लाभलेला गव्हर्नर जनरलचा जीवनगौरव, या तीन घटना एका ओळीत मांडल्या की देशाच्या आत्मचित्रात कोणाकोणाला जागा मिळाली आणि ती मिळायला किती वेळ लागला, हे दोन्ही दिसते. टोरोंटो परिसरात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांतील मुले आज ज्या समाजात वाढत आहेत, त्याच्या पडद्यावर आपल्यासारखे चेहरे आणि आपल्या नावांसारखी नावे येणार की नाहीत, हा प्रश्नही याच धाग्याला जोडलेला आहे.

मराठीत परदेशी चित्रपटांविषयी लिहिले जाते, ऑस्करच्या याद्याही छापल्या जातात. परंतु एखादा देश आपल्या कलावंतांना मान कसा देतो, त्या मानाची यंत्रणा कशी उभारतो, ती कोठे चुकते आणि कशी सुधारते, याचा सलग अभ्यास आपल्याकडे विरळ आहे. प्रस्तुत ग्रंथाने ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला आहे. विजेत्यांची जंत्री देणे हा त्याचा हेतू नाही. प्रत्येक पुरस्कार कोणी, कोणत्या गरजेतून सुरू केला, निवडीची पद्धत काय होती, तिने कोणाला पुढे आणले आणि कोण तिच्या नजरेतून सुटले, या चार प्रश्नांच्या आधारे ग्रंथाची मांडणी केली आहे. इंग्रजी आणि फ्रेंच परंपरांना सारखेच महत्त्व दिले असून, आवाजाच्या कलावंतांना परिशिष्टात न ढकलता मुख्य विवेचनात स्थान दिले आहे. रूढ इंग्रजी संज्ञा जेथे मराठीत मुरल्या आहेत तेथे त्या तशाच ठेवल्या आहेत, आणि ‘श्रुतिका’, ‘निवेदन’, ‘जीवनगौरव’ यांसारखे आपले शब्द जेथे चपखल बसतात तेथे ते निःसंकोच वापरले आहेत. वाचकाने हा ग्रंथ आरंभापासून क्रमाने वाचावा असे बंधन नाही; मात्र नभोवाणीचा काळ ओलांडून थेट झगमगत्या सोहळ्यांकडे जाऊ नये, कारण नंतरच्या साऱ्या वादांची बीजे त्या काळात आहेत.

कोणत्याही समाजाची पुरस्कारपद्धती निर्दोष नसते, आणि कॅनडाचीही नाही. परंतु नाव बदलण्याची, विभाग मोडून नवे पाडण्याची, बहिष्कारातून शिकण्याची आणि परक्या भाषेतील कामालाही आपले म्हणण्याची तयारी तिने दाखवली आहे, आणि ही तयारी अभ्यासण्याजोगी आहे. तिची खरी कसोटी मात्र अजून बाकी आहे. ज्यांचा चेहरा सर्वांनी पाहिला त्यांना मान देणे तुलनेने सोपे असते. ज्यांचा फक्त आवाज ऐकला त्यांचे नाव विचारणे हे अधिक जबाबदारीचे काम आहे. वाचकाने हा ग्रंथ मिटल्यावर एखादा अ‍ॅनिमेशनपट पाहताना शेवटची श्रेयनामावली पूर्ण वाचली आणि त्यातील एक तरी आवाज नावाने ओळखला, तर या प्रयत्नाचे सार्थक झाले असे समजावे.